कॉलेजात ग्रंथपाल व्हायचं असेल तर, डिग्रीपासून काउंटरपर्यंत

दरवर्षी निकाल लागले की मला दोन-तीन फोन येतातच, आमच्याच कॉलेजची जुनी मुलं-मुली, बीए नाहीतर बीकॉम झालेली, आणि सुरुवात ठरलेली असते, "मॅडम, मला वाचायची खूप आवड आहे, म्हणून लायब्ररीत करिअर करावं म्हणते." मी आधी एकच विचारते, तुला अनोळखी माणसांशी बोलायला आवडतं का? पलीकडे जरा शांतता पसरते, कारण हा प्रश्न त्यांच्या मनात आलेलाच नसतो. पण खरं सांगते, तालुक्याच्या गावातल्या अनुदानित कॉलेजात मी सतरा वर्षं हे काम करतेय आणि ड्यूटीवर असताना सलग वीस पानं वाचल्याचं मला आठवत नाही. वाचन घरी, रात्री, जेवणं आटोपल्यावर, जसं सगळ्यांचं असतं तसंच. इथे दिवसभर माणसं असतात आणि त्यांचे अर्धवट प्रश्न असतात, ते प्रश्न पूर्ण करायला ज्याला मनापासून आवडतं त्याला या नोकरीत वर्षानुवर्षं समाधान मिळतं, हे मी छातीठोकपणे सांगू शकते.

अर्धवट प्रश्न म्हणजे काय ते सांगते. एसवायची एक मुलगी काउंटरला आली, "मॅडम, अर्थशास्त्राचं पुस्तक द्या." आता अर्थशास्त्राची आमच्याकडे दोन कपाटं आहेत. कशासाठी हवंय गं? प्रोजेक्ट आहे म्हणाली. कशावर? ग्रामीण पतपुरवठा. बरं, मग तू त्यात काय लिहायचं ठरवलंयस? इथे ती थांबली, मागे कोणी ऐकतंय का बघितलं आणि हळूच म्हणाली, माझी आई बचत गटाची सचिव आहे, त्यावर लिहिलं तर चालेल का. आता खरा प्रश्न कळला! मग मी तिला बचत गट आणि बँक यांच्या जोडणीवरचं एक प्रकरण काढून दिलं, नाबार्डने हे १९९२ मध्ये सुरू केलं वगैरे त्यात होतं, महिला आर्थिक विकास महामंडळाची माहिती दिली, आणि सांगितलं की आईची हिशोबाची वही घेऊन ये, तोच तुझा खरा पुरावा. सगळं मिळून सात-आठ मिनिटं. तिने त्या वहीतून तीन वर्षांच्या कर्जफेडीचा तक्ता केला, आणि प्रोजेक्ट जमा करायच्या आदल्या दिवशी मला दाखवायला आईला घेऊन आली. "अर्थशास्त्राचं पुस्तक" म्हटल्यावर मी समोरचं एक उचलून दिलं असतं तरी चाललं असतं, माझं काम झालं असतं, तिचं झालं नसतं.

तर "कसं व्हायचं" या प्रश्नाच्या आधी ही परीक्षा स्वतःची घ्या. जवळच्या कुठल्याही कॉलेजच्या ग्रंथपालांना विचारून एक आठवडा काउंटरला उभं राहा, ॲडमिशन झाल्यावर पहिली पुस्तकं वाटायची असतात तेव्हा मदत सगळ्यांनाच हवी असते, सहसा कोणी नाही म्हणत नाही. रोज दीड-दोनशे मुलं, धूळ, बीटी म्हणजे पुस्तक घ्यायचं कार्ड हरवलेलं, एकाच पुस्तकाला पन्नास जण. शनिवारी घरी जाताना पाय दुखत असतील, पण सोमवारी परत जावंसं वाटतंय का ते बघा.

आता शिक्षणाचं. पदवी कुठलीही चालते, आर्ट्स, कॉमर्स, सायन्स काहीही, उलट सायन्सवाले या क्षेत्रात कमी येतात त्यामुळे त्यांना सायन्स कॉलेजात बरंच सोपं जातं. त्यानंतर ग्रंथालयशास्त्राची पदवी म्हणजे बी.लिब. आणि मग पदव्युत्तर एम.लिब., बहुतेक ठिकाणी एकेक वर्षाचं, काही विद्यापीठांत दोन वर्षांचा एकत्रित कोर्स आहे. पुणे, मुंबई, नागपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या विद्यापीठांत विभाग आहेत, मुंबईत एसएनडीटी आहे, आणि नोकरी करत शिकायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू. जमत असेल तर एम.लिब. तरी रेग्युलर करा असं मी सांगेन. मुक्त विद्यापीठाच्या डिग्रीत काही खोट नाही, पण रेग्युलरला विद्यापीठाच्या मोठ्या लायब्ररीत निदान वर्षभर वावरायला मिळतं, आणि लाखो पुस्तकांचा पसारा कसा चालतो हे एकदा डोळ्यांनी बघितलेलं पुढे आयुष्यभर उपयोगी पडतं.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांप्रमाणे कॉलेज ग्रंथपालाला एम.लिब.ला किमान ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला आणि दिव्यांगांना ५ टक्क्यांची सूट, आणि त्यासोबत नेट किंवा सेट, म्हणजे सहायक प्राध्यापकांची जी पात्रता परीक्षा तीच, किंवा यूजीसीच्या नियमात बसणारी पीएचडी. हे ५५ अगदी अक्षरशः घ्या, ५४.९ ला कोणी ५५ धरत नाही, त्या पॉइंट एकपायी अडकलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत, पुन्हा परीक्षेला बसावं लागलं त्यांना. जागा नियमित असेल तर वेतन असिस्टंट प्रोफेसरच्याच पायरीचं असतं, लेव्हल १०, सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७००. पुढची लेव्हल ११ एम.लिब.वर ६ वर्षांनी, पीएचडी असेल तर ४ वर्षांनी, मध्ये ओरिएंटेशन-रिफ्रेशरसारखे कोर्स करावे लागतात, ते वेळेत करून टाका. ते राहिले म्हणून प्रमोशन लांबलं अशा कहाण्या प्रत्येक जिल्ह्यात आहेत.

नेटमध्ये आपल्या विषयाचा कोड ५९. पहिला पेपर ५० प्रश्नांचा सगळ्यांना सारखा, दुसरा १०० प्रश्नांचा आपल्या विषयाचा, एकूण ३०० मार्क, निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे एकही प्रश्न सोडून यायचं नाही. सेट आपल्याकडे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं आणि ती महाराष्ट्र आणि गोव्यात चालते, नेट देशभर. दोन्हींचा अभ्यास जवळजवळ तोच आहे त्यामुळे दोन्ही द्या. दोन्हीकडे साधारण ६ टक्के उमेदवारच पात्र ठरवतात, पहिल्यांदा नाही झालं म्हणून खचू नका, सहायक प्राध्यापक पात्रतेला वयाची वरची अट नाही. माझा अनुभव असा की विषयाचा पेपर बरा जातो, मुलं अडकतात पहिल्या पेपरात, तिथलं गणित, तर्क, आलेख वाचणं याची सवय रोज अर्धा तास करायला लागते, बाकी उपाय नाही.

वर्गीकरण शिकवतात तेव्हा मुलांना वाटतं हे सगळं आकड्यांचं पाठांतर. मलाही वाटायचं. मग पहिल्याच वर्षी आमच्या भागातल्या एका गृहस्थांनी वडिलांच्या संग्रहातली पुस्तकं कॉलेजला भेट दिली, त्यात उसावरची चार होती आणि मी चारही एका ठिकाणी लावायला निघाले, ऊस म्हणजे ऊस. उघडून बघितली तर एक लागवडीचं, ते ड्यूईमध्ये, म्हणजे विषयाला नंबर देण्याच्या दशांश पद्धतीत, ६३३.६१ ला जातं. दुसरं साखर कशी बनते याचं, ते ६६४.१. तिसरं सहकारी साखर कारखान्यांवर, त्याची जागा ३३४. चौथं ऊसतोड कामगारांवर, ते मजुरांच्या प्रश्नात, ३३१. चार पुस्तकं, चार वेगळी कपाटं! आणि विचार केला तर बरोबरच आहे, कारण चारही पुस्तकांना शोधत येणारा माणूस वेगळा. पहिल्याला शेतकऱ्याचा मुलगा येईल, दुसऱ्याला केमिस्ट्रीवाला, तिसऱ्याला कॉमर्सचा, चौथ्याला समाजशास्त्राची मुलगी. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये जे पाच नियम मांडले त्यातले दोन आपण परीक्षेपुरते घोकतो, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, ते मला त्या दुपारी जमिनीवर पुस्तकं पसरून बसले असताना खऱ्या अर्थाने समजले. नंबर देताना वाचकाचा चेहरा डोळ्यासमोर आणा, नंबर चुकत नाही.

शिकत असतानाच दोन गोष्टी हाताखालून घाला, कारण यूजीसीच्या अटीतच लायब्ररी कॉम्प्युटरायझेशनचं ज्ञान असं लिहिलेलं आहे आणि इंटरव्ह्यूला हमखास विचारतात. पहिली, कोहा. हे लायब्ररी चालवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, मुळात न्यूझीलंडमध्ये तयार झालं, जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून स्वतः बसवून बघा, एक दिवस डोकं फिरेल पण बसेल. मग घरातली पन्नास पुस्तकं त्यात घाला, १०० ला लेखक, २४५ ला नाव, ०८२ ला ड्यूई नंबर, हे टॅग बोटांना कळले पाहिजेत. काही कॉलेजात सोल असतं, इन्फ्लिबनेटचं, काही ठिकाणी एनआयसीचं ई-ग्रंथालय, पण एक नीट आलं की दुसरं आठवड्यात येतं.

दुसरी गोष्ट मराठी युनिकोड टायपिंग. हे मी खूप कळकळीने सांगतेय कारण याकडे फार दुर्लक्ष होतं. कितीतरी कॉलेजात मराठी पुस्तकांच्या नोंदी जुन्या फॉन्टमध्ये तरी केलेल्या असतात नाहीतर रोमन अक्षरात, ज्याला जसं सुचलं तसं स्पेलिंग. मुलगी कॉम्प्युटरवर पुस्तकाचं नाव मराठीत टाइप करते, उत्तर येतं काही सापडलं नाही, आणि पुस्तक तिच्या पाठीमागच्या रॅकवर असतं. एकाच लेखकाची एक नोंद आद्याक्षरांनी, दुसरी पूर्ण नावाने, तिसऱ्यात आडनाव पुढे, म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी तीन माणसं. मी ही दुरुस्ती रोज दहा नोंदी या हिशोबाने केली, जवळजवळ चार वर्षं लागली, आणि मराठी विभागाचं इश्यू नंतर जे वाढलं ते बघून मला कुठल्याही पुरस्कारापेक्षा जास्त आनंद झाला. तुम्हाला मराठी भाषेसाठी काही करायचं असेल तर २७ फेब्रुवारीच्या कार्यक्रमाआधी हे करा.

नोकरी लागली की पहिला धोका चार्ज घेण्याचा, म्हणजे सगळी पुस्तकं ताब्यात मिळाली असं लिहून देण्याचा. माझी पहिली नोकरी एका विनाअनुदानित कॉलेजात होती, रुजू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसातून कागद आला, चार्ज घेतला म्हणून सही करा, आणि मी नवीन, मोठ्या माणसांना नाही कसं म्हणायचं, केली सही. वर्षभराने स्टॉक चेकिंग झालं तेव्हा दोनशेच्या वर पुस्तकं कमी भरली, त्यातली बहुतेक माझ्या कितीतरी आधी गेलेली होती हे सगळ्यांना माहीत होतं, पण कागदावर सही माझी होती. पगारातून कापायची भाषा झाली, शेवटी जुने इश्यू रजिस्टर काढून एकेक दाखवत मी त्यातून सुटले, पण दोन महिने झोप नव्हती. म्हणून सांगते, दाखल नोंदवही हातात घेऊन प्रत्यक्ष मोजणी झाल्याशिवाय चार्जवर सही करू नका. फारच दबाव आला तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहा, "प्रत्यक्ष पडताळणी बाकी आहे", तारीख टाका, त्याचा फोटो काढून ठेवा.

आणि पुस्तकं हरवणं हा गुन्हा समजून लायब्ररीला कुलपं लावत बसू नका. केंद्र सरकारच्या २०१७ च्या वित्तीय नियमांतच म्हटलंय की वर्षभरात वाचकांनी हाताळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ झाली तर ते समजून घ्यावं, अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणा नसेल तर. आणि २० हजारांपर्यंत पुस्तकं असतील तर पडताळणी दरवर्षी, त्यावर ५० हजारांपर्यंत किमान तीन वर्षांतून एकदा. कॉलेजचा आपला वेगळा नियम असेल तर तो बघा, पण प्राचार्यांशी बोलताना या नियमाची प्रत हाताशी असू द्या, फार उपयोग होतो. वापरात असलेली लायब्ररी थोडी हरवणारच.

पहिल्या वर्षात नवीन काही सुरू करायची घाई करू नका. रोज निदान दोन तास काउंटरला स्वतः बसा, केबिनमध्ये नाही, आणि शेजारी एक साधी वही ठेवा. माझ्या वहीचं नाव नकारवही. कोणी काही मागितलं आणि ते आपल्याकडे नव्हतं की त्यात एक ओळ, काय मागितलं, कुठल्या वर्गाने, तारीख. बस. वर्षाच्या शेवटी खरेदीची यादी त्या वहीतून आपोआप तयार होते, विभागप्रमुखांकडून येणाऱ्या याद्यांना जोड मिळते, आणि लायब्ररी कमिटीत कोणी म्हणालं की मुलं हल्ली वाचतच नाहीत, तर वही उघडून समोर ठेवता येते. मला त्यातूनच कळलं की आमची मुलं शेळीपालनावर, पॉलिहाउसवर, मोबाइल दुरुस्तीवर पुस्तकं मागतात, आणि एमपीएससी करणाऱ्यांना जाडजूड गाइडांच्या आधी पाचवी ते बारावीची बालभारतीची पुस्तकं हवी असतात. एक पूर्ण सेट घेतला, त्याची आता पानं सुटी झालीत इतका वापरलाय.

स्टाफकडे लक्ष द्या. अटेंडंट मामांना कुठलं पुस्तक कुठे आहे हे तुमच्या सॉफ्टवेअरपेक्षा लवकर आठवतं, त्यांच्याकडून शिका, सगळ्यांसमोर त्यांचं नाव घ्या. कमवा आणि शिका योजनेतली मुलं मिळाली तर त्यांना नुसती धूळ झाडायला लावू नका, एक कपाट त्याच्या नावावर द्या, हे तुझं. ते पोरगं मित्रांना आणून आणून दाखवतं.

ऑनलाइन पुस्तकं, जर्नल्स, प्रबंध यांचंही बघा, त्यासाठी एन-लिस्ट, शोधगंगा, नॅशनल डिजिटल लायब्ररी हे सगळं आहे, पोस्टर सगळीकडे लावलेले असतात, पण मुलांनी लॉगिन कधी केलेलंच नसतं. हॉलमध्ये दोनशे जणांना बसवून प्रेझेंटेशन दाखवून काहीही होत नाही, मी दोनदा करून बघितलंय. पंधरा-पंधराच्या बॅचने लायब्ररीतच घ्या, प्रत्येकाच्या मोबाइलवर लॉगिन करून त्याच्या विषयाचं एक पुस्तक उघडेपर्यंत सोडू नका. वेळ जातो. जाऊ द्या, याच कामासाठी आपण तिथे आहोत.

नॅकचं, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाचं, काम येणारच, त्याबद्दल फार लिहीत नाही. फक्त रोजची नोंद रोज करा, किती आले, किती पुस्तकं गेली, खरं ते लिहा, आकडे मागाहून भरायची वेळ स्वतःवर आणू नका. पावसाळ्यात भिंतीला चिकटलेली कपाटं वीतभर पुढे ओढा, खालचा खण रिकामा ठेवता आला तर उत्तम, वाळवी तिथूनच येते.

राहिलं कुठलं कॉलेज घ्यायचं ते. अनुदानित जागा कमी निघतात, पेपरात आणि विद्यापीठांच्या वेबसाइटवर जाहिराती येतात, त्या बघत राहा, पण मधल्या काळात इंजिनिअरिंग, फार्मसी, बी.एड. अशा कॉलेजांत कंत्राटी काम बरंच असतं. पगाराचा आकडा महत्त्वाचा आहेच, घर चालवायचंय, तरी तीन गोष्टी सही करायच्या आधी स्पष्ट विचारा. ग्रंथपालाला परीक्षा विभागात नाहीतर ॲडमिशनला वर्षातले किती महिने बसवतात. मागच्या वर्षी पुस्तकांवर प्रत्यक्ष किती खर्च झाला, बजेटमधला आकडा नको, झालेला खर्च. आणि मुलांना रॅकपर्यंत जाऊ देतात का, की चिठ्ठी देऊन खिडकीतून पुस्तक घ्यायचं.

इंटरव्ह्यू झाला की पाच मिनिटं लायब्ररी बघू का म्हणून विनंती करा. समोरची नवी चकाचक पुस्तकं बघू नका, ती पाहुण्यांसाठी मांडलेली असतात. अगदी मागच्या रॅकला जा, मधल्या खणातलं कुठलंही एक पुस्तक काढा आणि मागची डेट स्लिप, म्हणजे तारखांचे शिक्के मारतात तो कागद, उघडा. मग शेजारचं, मग खालच्या खणातलं एक. काही ठिकाणी आता शिक्के मारत नाहीत, सगळं कॉम्प्युटरवर, तर पानं बघा, कडा हाताळलेल्या आहेत की दाबून ठेवल्यासारख्या कोऱ्या. आत्ता जिथे आहे तिथे मी असं करून बघितलं तेव्हा पहिल्यावर शेवटचा शिक्का नऊ वर्षांपूर्वीचा होता, दुसऱ्यावर एकही नव्हता, तिसऱ्यात मात्र कोणीतरी बसचं तिकीट खूण म्हणून ठेवलेलं होतं, त्याच आठवड्यातलं. मी परत जाऊन प्राचार्यांना विचारलं, मुलांना आत सोडायची परवानगी द्याल का? ते म्हणाले, आजवर कोणी मागितलीच नव्हती, तुम्ही या आणि सुरू करा.